अर्धं पान आणि तीन ओळी

वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन कधी करायचा, हे तिला दीड वर्षात पाठ झालं होतं. सकाळी अकराच्या आत तिथे कोणी आलेलं नसतं. पाचनंतर पानं लावायची घाई, तेव्हा फोन केला तर माणूस वसकन अंगावर येतो. दुपारी सव्वादोन ते तीन, एवढाच काय तो वेळ. त्या वेळात काउंटरवर कोपर टेकून ती फोन लावायची आणि दरवेळी नव्याने सांगायची, "शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आमचं. चालू आहे. एवढंच छापून हवंय."

"चालू आहे यात बातमी काय, मॅडम?" एकदा तिकडचा हसला होता. "बंद पडलं की कळवा."

दुकान सासऱ्यांचं. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. चार वर्षांपूर्वी उस्तादांचे हात थरथरायला लागले आणि दुकान संपलं अशी बोलवा झाली. खरं तर तेव्हापासून आलेलं प्रत्येक मशीन तीच उघडत होती. शटल काढणं, दाते साफ करणं, टाका कुठे सुटतो ते नुसत्या आवाजावरून ओळखणं, सगळं तिला उस्तादांनीच शिकवलं होतं. पण गिऱ्हाईक दारातून डोकवायचं, तिला बघायचं आणि विचारायचं, "उस्ताद नाहीत?" आणि मशीन उचलून चालू लागायचं. महिन्याला पंचवीस मशीनं यायची, ती पाच-सहावर आली. परगावी कारखान्यात असलेल्या नवऱ्याने शेवटी सांगून टाकलं, "वर्षाअखेरपर्यंत बघ. नाहीतर गाळा सोडून देऊ." सोडून दिला तर आपण दिवसभर करायचं काय, हे तिला सुचत नव्हतं. डोळे मिटून करता येईल असं दुसरं काही तिला येतच नव्हतं.

बाराव्या फोनानंतर रविवारच्या पुरवणीचा वार्ताहर आला, सोबत एक फोटोवाला. लोप पावत चाललेल्या धंद्यांवर तो काही लिहीत होता. उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास भडाभडा बोलले. तिने दोनदा चहा केला आणि एका चिठ्ठीवर पत्ता, दुकानाची वेळ आणि 'काम आता सून बघते' एवढं सुवाच्य अक्षरात लिहून वार्ताहराच्या हातात ठेवलं. त्याने ती वहीत घातली.

फोटोवाल्याला उस्तादांचे हात हवे होते. ते काही केल्या मशीनच्या चाकावर स्थिर राहिनात.

"हलतोय हो फोटो. ताई, तुम्ही जरा हात ठेवता? चेहरा नाही येणार, काळजी करू नका."

तिने हात ठेवले.

रविवारी अर्धं पान भरून आलं. मथळा, 'शेवटचा टाका'. खाली तिचे हात, आणि त्याखाली ओळ: 'साठ वर्षांची साधना सांगणारे उस्तादांचे हात.' लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की या हातांनंतर हे काम जाणणारं कोणी उरलेलं नाही. पत्ता कुठेच नव्हता.

शेजारच्या गाळ्यात पडदे शिवणारी बाई पेपर घेऊन धावत आली. "काय गं, उस्तादांच्या मनगटावर तीळ कधी आला?"

"काल रात्री उगवला," ती म्हणाली. हसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक उस्तादांशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. कुणी विचारी, बंद कधी करताय? एकाने गंजलेलं मशीन आणलं, पण दुरुस्तीला नव्हे. ते त्याला दिवाणखान्यात शोभेला ठेवायचं होतं, नुसतं पुसून हवं होतं. अकरा वर्षं दुकानात येणारी एक जुनी गिऱ्हाईक तर चुकचुकत म्हणाली, "पेपरात वाचलं आणि लगेच नवीन मशीन घेऊन टाकलं बघ. म्हटलं, आता कोण करणार?"

पुढच्या सोमवारी सव्वादोनला तिने फोन लावला.

"अहो ताई, लोक रडले वाचून!" वार्ताहर म्हणाला. "आता हात तुमचे होते असं छापलं, तर उस्तादांचंच हसं होईल. बघा बुवा."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तिने फोन ठेवला.

"कोण होता?" उस्तादांनी खुर्चीतून विचारलं.

"पेपरवाला. लोक रडले म्हणतो."

"कामं किती आली?"

"एकही नाही, बाबा."

उस्तादांनी खिशातून कात्रण काढलं. आठवडाभर ते त्यांच्या छातीशीच होतं. "मी फोटोच बघत बसलो. हे बारीक अक्षर कुठलं दिसायला? शेवटी काय लिहिलंय, वाच पोरी."

तिने वाचलं.

"कोणी नाही म्हणजे? तू कोण मग?"

"मी चहा आणणारी."

उस्ताद मान खाली घालून कात्रणाची घडी करत राहिले. हात हलत असल्यामुळे घडी वाकडीच होत होती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पेपरातली एक बाई आली. अर्धं पान तिने वाचलं होतं आणि तिलाही तेच हात हवे होते. तिने कॅमेरा काढला, तसे उस्ताद उठले आणि आपले दोन्ही हात मशीनवर ठेवले. हातांबरोबर मशीनचं चाकही खुळखुळायला लागलं.

"हे माझे. थांबत नाहीत, तर तसेच काढा. त्या पेपरातले हिचे होते. चार वर्षं सगळं हीच करते."

बाईने सात वेळा प्रयत्न केला. साती वेळा हात पुसट आले. तिने नाइलाजाने वही मिटली. "पण मग काका, तुम्ही शेवटचे कारागीर राहत नाही ना!"

"नाही राहत," उस्ताद खुर्चीत बसत म्हणाले. "सुटलो."

लेख आलाच नाही. बारा दिवसांनी त्या पेपरात सातव्या पानावर, पाणीपुरवठा बंदच्या सूचनेखाली आणि हरवलेल्या कुत्र्याच्या वर तीन ओळी आल्या. भाजीबाजारामागे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान दहा ते सहा चालू आहे. काम सून पाहते. दीड वर्ष ती फोनवर जे मागत होती, तेवढंच.

त्या आठवड्यात तीन मशीनं आली. पहिलं घेऊन आलेल्या बाईने दारातूनच विचारलं, "उस्ताद नाहीत?"

"आहे ना. इथेच आहे," उस्ताद कोपऱ्यातून म्हणाले. "पण मशीन तिच्यापुढे ठेवा."

मशीन जड होतं. उचलताना तिची कंबर भरून आली. तेल ठिबकेल म्हणून उस्तादांनी खिशातलं कात्रण उलगडून खाली अंथरलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते रस्त्याकडे बघत होते. तिने स्क्रू सैल केला. जुनं, काळं तेल हळूहळू खाली उतरलं आणि फोटोतल्या मनगटावरच्या तिळापाशी पसरलं.

वर्षाअखेरीला अजून दोन महिने होते.