कडुनिंबाने फरक पडला नाही

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, नाशिकहून ट्रंककॉल आहे." ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे माझ्या मैत्रिणीचा, शकूचा, धाकटा भाऊ मिलिंद. "कुसुमताई, ताई गेली... सकाळी." त्याच्या मागे रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. परत वर्गात आले, मुलींना म्हटलं, स्लाइड्स पुसून ठेवा. तेवढंच सुचलं.

महिन्याभरापूर्वी तिला भेटून आले होते. कावीळ झाली होती, उतरतच नव्हती. दवाखान्यातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, डोळे पिवळेधमक. मला बघून हसली आणि म्हणाली, "बघ कुसुम, लग्नाची नाही लागली, पण हळद लागली की नाही शेवटी?" मला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोघी हसलो. तिच्याबरोबर असताना बहुतेक वेळा असंच व्हायचं.

आम्ही दोघी नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. मी चांदवडकडची, घरी कांद्याची शेती. तिचे वडील नाशिकरोडला छापखान्यात कामगार, घर तिथल्याच बौद्ध वसाहतीत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दोघी वनस्पतिशास्त्र घेऊन फर्स्ट क्लासमध्ये पास झालो आणि एम.एस्सी.चा प्रश्न उभा राहिला. तेव्हा दोन रस्ते असत. 'बाय पेपर्स' म्हणजे दोन वर्षं तासांना बसायचं, परीक्षा द्यायच्या, पदवी घेऊन बाहेर पडायचं. 'बाय रिसर्च' म्हणजे एक मार्गदर्शक, एक आपला प्रश्न, प्रयोग आणि शेवटी प्रबंध... आणि तो कधी पुरा होईल याची कुणी हमी देत नसे. आमच्याकडे बुरशी शिकवणारे एक सर मार्गदर्शक होते. आम्ही सल्ला विचारायला गेलो तर म्हणाले, "पेपर्स केलंत तर विषय चहूबाजूंनी कळेल. रिसर्च केलंत तर एकाच बोळातून जाल, पण स्वतःच्या पायांनी. दोन्ही चांगलंच. मला विचारू नका, स्वतःला विचारा."

त्या संध्याकाळी गंगापूर रोडने आम्ही किती वेळ चालत होतो कोण जाणे. माझं लवकर ठरलं. मला सगळंच थोडं थोडं शिकायला आवडायचं, आणि घरी भावांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. दोन वर्षांत जे हातात पडेल तेच माझं, हे मला दिसत होतं. शकू मात्र म्हणाली, "परीक्षेत लिहितो ते उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असतं गं. ज्याचं उत्तर सरांनासुद्धा ठाऊक नाही, असं एकदा तरी करून बघायचंय मला."

तिच्या घरी हे सोपं नव्हतं. आईचं म्हणणं सरळ होतं, नोकरी लवकर लागेल ते कर, मागे मिलिंद आहे. वडिलांना ती दादा म्हणायची. दादा सगळं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच म्हणत, "आपल्यात तिथवर कोणी गेलंच नाय. काय असतं तिथं, ते बघून तर येऊ दे तिला."

तिला प्रश्न मिळाला तो आमच्याच घरी. सुट्टीत ती माझ्याबरोबर चांदवडला आली होती. आमच्या कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यांवर काळी बुरशी धरायची, काजळी फासल्यासारखी, आणि मग कांदा सडायचा. ती धरू नये म्हणून माझे वडील, आणि आसपासचे सगळेच, कांद्याच्या थरांमध्ये कडुनिंबाचा पाला घालत. शकूने विचारलं, "काका, उपयोग होतो त्याचा?" वडील म्हणाले, "समदेच घालत्यात. व्हत असंल." या 'असंल'वर तिने पुढची वर्षं घातली. अर्ध्या चाळीत पाला, अर्धी तशीच, आणि ठरावीक दिवसांनी येऊन सडलेले कांदे वेचायचे. पाल्याने फरक पडणार, याची तिला मनातून खात्री होती.

पहिल्या वेळी माझ्या आईने तिला ताट वाढलं ते बाहेर ओट्यावर. शकू जेवायला लागली. मी माझं ताट उचललं आणि ओट्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले. आई आतून बघत राहिली. पुढच्या हंगामात शकू आली तेव्हा आई स्वतःच म्हणाली, "आत बसा गं, तिथं ऊन येतंय." माफी नाही, चर्चा नाही. पण त्यानंतर ती आली की आई तिच्या आवडीची नागलीची भाकरी करायची.

सडके कांदे पोत्यात भरून प्रयोगशाळेत न्यायचे हाही एक सोहळाच होता. एस.टी.त पोतं चढवलं की लोक नाकाला पदर लावत. एका कंडक्टरने तर विचारलं, "ताई, मढं भरलंय का काय पोत्यात?" शकू गंभीरपणे म्हणाली, "नाही, एम.एस्सी. आहे." पोतं टपावर गेलं आणि आम्ही नाशिक येईपर्यंत हसत होतो.

मग एकेक बिघडत गेलं. पहिल्या हंगामात पाला घातलेले आणि न घातलेले कांदे सारखेच सडले. दुसऱ्या हंगामात कांद्यांच्या काही रांगांत पाल्याने थोडं बरं दिसलं, बाकी सगळीकडे तेच. अशातच आमचे सर निवृत्त होऊन गावी गेले. नवे मार्गदर्शक तिची सगळी टिपणं चाळून म्हणाले, "या बऱ्या रांगा घे. बाकीच्या सोड. चाळ गळत होती म्हणायचं. असा प्रबंध चटकन पास होतो. नाहीतर सरळ पेपर्सला बस, अजून वेळ गेलेली नाही." तोवर मी पेपर्सची एम.एस्सी. होऊन धुळ्याला लागलेसुद्धा होते. नाशिकच्याच एका कॉलेजात जागा निघणार होती, आणि जूनपर्यंत पदवी हातात आली तर ती शकूला मिळण्यासारखी होती.

दिवाळीत मी तिच्याकडे गेले तेव्हा हीच बोलणी चालली होती. तिच्या आईने माझ्याकडे बघून म्हटलं, "कुसुम, तू तरी सांग हिला. हिच्याबरोबरच्या सगळ्या कमवायला लागल्या." आईचं खोटं नव्हतं. दादांनी शकूला विचारलं, "तुला खरं कळलंय ना, का पाल्यानं काय व्हत नाय?"

"हो दादा. मलाही वाटत होतं होईल. पण नाही होत."

"मग तेच लिही. एवढी खपलीस ती काय खोटं लिहायला?"

आई उठून आत गेली. भांडी जरा जोरातच वाजली. मग चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि शकूसमोर कप ठेवत म्हणाली, "लिही बाई. पण लिहून टाक एकदाचं."

तिने सगळ्या रांगा घेतल्या. मार्गदर्शकांनी कुरकुरत सही केली. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "कडुनिंबाने फरक पडत नाही, एवढं सांगायला इतकी वर्षं लागली?" शकू म्हणाली, "हो सर. फरक पडतो असं सांगायचं असतं, तर एका हंगामात झालं असतं." परीक्षक हसले. काम प्रामाणिक आहे म्हणाले, आणि आणखी एका हंगामाची खातरजमा करून आणायला सांगितलं! म्हणजे पुन्हा चाळ, पुन्हा पोतं. पदवी मिळाली, पण नाशिकची जागा तोवर भरली गेली होती.

मी वडिलांना तिचा निष्कर्ष सांगितला. ते म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं झाडं उगाच वरबाडली." त्या सालापासून आमच्या चाळीत पाला पडला नाही. शेजारचे अजून घालतात.

शकू लासलगावच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली आणि तिथेच राहिली. नाशिकरोडहून पॅसेंजरने जाऊन-येऊन करायची. एकदा मी तिला विचारलंच, पश्चात्ताप होतो का? "होतो की. तुमच्या कॉलेजची लॅब बघितली की होतो. पण कांदा बघितला की नाही होत." जुने विद्यार्थी एम.एस्सी.च्या वेळी सल्ल्याला तिच्याकडे यायचे. मला वाटायचं, ही सगळ्यांना रिसर्चकडेच ढकलत असेल. तसं नव्हतं. ती पोराला घरचं विचारायची, अभ्यासात काय आवडतं ते विचारायची, आणि कितीतरी जणांना स्वच्छ सांगायची, तू पेपर्स कर, त्यात कमीपणा नाही. बाय रिसर्चला जाऊ बघणाऱ्याला मात्र ती शेवटी विचारायची, "उत्तर 'नाही' आलं तर चालेल का तुला?" जो लगेच 'हो' म्हणे त्याला घरी जाऊन विचार करून यायला सांगायची.

गेल्या आठवड्यात तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. भाषणं झाल्यावर मिलिंद आणि मी तिची लॅब बघायला गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने काचेचे पेले उपडे घातलेले होते. प्रत्येकाखाली ओलसर पावाचा तुकडा आणि पेल्यावर एकेका विद्यार्थ्याचं नाव. बहुतेक तुकड्यांवर हिरवी-काळी बुरशी फुलून आली होती. एकावर काहीच नव्हतं. त्याच पेल्यापाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी वाकून निरखत उभी होती. तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या, "अगं, तुझा फेकून दे ना आता, दुसरा ठेव." तिने मान हलवली. आमच्याकडे बघून जरा ओशाळली आणि म्हणाली, "मॅडम म्हणाल्या होत्या, मी येईपर्यंत रोज बघायचं."

मिलिंद चटकन खिडकीबाहेर बघायला लागला. मुलीने वाकून पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि पेन उघडून लिहिलं... आज काही नाही.