चिंचोक्यांचा नकाशा

बावधन सोडलं तेव्हा रविवारची सकाळ अजून डोळे चोळत होती. गाडी रेश्मा चालवत होती. मुलांचे हक्क आणि त्यांची सुरक्षितता या विषयावर ती गावोगावी प्रशिक्षणं घेते. मी तिची बिनपगारी मदतनीस, वय एकाहत्तर, निवृत्त मास्तरीण. पिरंगुटपर्यंत मी तिला रस्ता समजावत होते. पौडला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा रस्ताच नव्हता. नुसतं धुकं, आणि त्यातून तरंगत जाणाऱ्या भाताच्या उडव्या (कापलेल्या पेंढ्यांच्या राशी).

"पोचलो की गेलो?" मी विचारलं.

"अजून तरी आहोत," रेश्मा म्हणाली.

धुकं विरलं तिथे मुळशी धरणाचं पाणी लागलं. इतकं निश्चल, की पलीकडचे डोंगर त्यात झोपायला उतरले होते. या पाण्याखाली जुनी गावं आहेत. मला उगाच वाटलं, खाली अजून कुणीतरी अंगण सारवतंय.

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. उतरल्यावर मी ऐटीत बांधावरून निघाले आणि एका पायाने थेट पाटाच्या चिखलात गेले. अंगणवाडीच्या सुनंदाताईंनी हात दिला. "आजी, वाट हितं हाय. तुमी कुटं चालला?"

न्याहारी दगडूभाऊंच्या घरी. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, आणि भाकरीत एक खडा, तो माझ्याच वाट्याला. वाढत होती त्यांची आठवीतली लेक. माणूस मायाळू, पण लेकीचं बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय. ती ताटं उचलून आत गेली.

मग देवळाच्या सभामंडपात मुलांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला: शाळा, पाणवठा, घरं, वाटा. मोठ्यांना बाहेर ठेवलं होतं; आत फक्त मी, चिंचोके वाटायला. प्रत्येक मुलाला पाच चिंचोके. जिथे भीती वाटते तिथे ठेवायचे. एकेकाने आत यायचं, ठेवून निघून जायचं. मला वाटलं, सगळे धरणाच्या काठावर पडतील. तिथे चारदोनच पडले. ढीग झाला हायस्कूलच्या वाटेवर, एका फार्महाऊसच्या फाटकापाशी.

दगडूभाऊंची लेक शेवटी आली. पाचही चिंचोके तिथेच ठेवले आणि माझ्याजवळ घुटमळली.

"तितला वॉचमन वाट आडवतो. फोटू मागतो." मग आणखी हळू, "बाबास्नी नका सांगू. शाळा बंद करतील."

"वॉचमनचं सांगावं लागेल, बाळा. पण गावात तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

ती गेल्यावर रेश्माच्या कानावर तेवढं घातलं आणि बसून राहिले. रांगोळीवर ऊन सरकत होतं. मला चोवीस वर्षांची मी दिसू लागले: कडक इस्त्रीची साडी, हातात छडी, डोक्यात जगाचा उद्धार. अशीच एक मुलगी तेव्हाही माझ्याजवळ आली होती. या चोवीस वर्षांच्या बाई लगेच तिच्या घरी गेल्या, वडिलांना नावगावासकट सगळं सांगितलं, आणि केवढं काम केलं म्हणून परतताना बाजारातून स्वतःसाठी गजरा घेतला. दुसऱ्या दिवशीपासून मुलीचा बाक रिकामा. बाईंनी हजेरीपटावर तिच्यापुढे महिनाभर सुवाच्य अक्षरात 'गैरहजर' लिहिलं. अक्षर फार वळणदार होतं हो बाईंचं.

दुपारी मोठी माणसं आत आली: पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, आईबाप. आधी हसले, आपापली घरं शोधली. मग त्यांना तो ढीग दिसला. रेश्माने वॉचमनबद्दल सांगितलं.

"कुनाच्या पोरीनं ठेवल्यात ह्ये?" दगडूभाऊंनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. "आजी, तुमी हितंच बसला हुता. तुमी बघितलं असंल."

"दगडूभाऊ, मोतीबिंदू आहे. चिंचोके दिसले, हात काही दिसले नाहीत."

"सकाळी भाकरीतला खडा बरा दिसला तुमास्नी."

"तो दाताला दिसला."

बायका हसल्या. दगडूभाऊ हसले नाहीत.

"नाव कळून काय करनार, भाऊ?" सुनंदाताईंनी विचारलं.

"करनार काय? पोरीला घरी बसवा म्हनावं."

"म्हंजे पोरगी कोंडायची, आन त्यो फाटकावर मोकळा?"

पोलीस पाटील नकाशापाशी उकिडवे बसले होते. "वाट गावाची हाय," ते सावकाश म्हणाले. "आपले आजे चालत आले हितनं."

"मग सोडायची कुणी?" रेश्माने विचारलं.

पाटील उठले आणि गुरुजींना घेऊन पौडच्या ठाण्याकडे निघाले. मुलीशी बोलायची वेळ आली तर ते बंद दाराआड, नाव झाकून. कायदाच तसा आहे, हे रेश्माने त्यांना दोनदा बजावलं. दगडूभाऊ चिंचोक्यांपाशी वाकले. "लई हायेत," म्हणाले. मग, "उद्या पोरांसंगं मी जातो." आणि जाता जाता मला, "पन नाव कळाया पायजे हुतं."

रात्री सुनंदाताईंकडे मुक्काम केला. सोमवारी सकाळी पुन्हा धुकं. मी वाटेच्या कडेला उभी होते. आधी आवाज आले, मग दप्तरं, मग मुली. पुढे खांद्यावर काठी घेतलेले दगडूभाऊ. फाटकापाशी वॉचमनची खुर्ची रिकामी होती. ठाण्यातलं काम एका दिवसात संपत नाही, हे मला ठाऊक आहे. दगडूभाऊंची लेक मैत्रिणीशी गणिताच्या चाचणीबद्दल भांडत माझ्या अगदी जवळून गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतक्या सुंदर रीतीने मला आजवर कुणी अनोळखी केलं नव्हतं. क्षणात सगळी धुक्यात विरघळली. गणित तेवढं ऐकू येत राहिलं.

परतताना मी झोपले नाही. चांदणी चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो, तरी माझ्या डोळ्यांपुढून ती वाट हलेना. शिकवण्यात चाळीस वर्षं गेली, आणि गप्प राहणंही शिकवण्यात मोडतं हे कळायला एक म्हातारपण लागलं.

घरी सुनेने विचारलं, "काय शिकवून आलात?"

"काही नाही. एक नाव गिळून आले."

"कुणाचं?"

मी तिच्याकडे चहा मागितला.