मावळायच्या आत ज्वालामुखीवर

सहा मे. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा गावी हॉटेलच्या खोलीत मी केस वाळवायच्या ड्रायरनं कडक भाकऱ्या वाळवत होते. कोल्हापुरातून निघताना त्या अशा होत्या की बोट लावलं तर तुकडा पडावा. इथल्या हवेत दोन-तीन दिवसांत सादळून चामड्यासारख्या झाल्या. ड्रायर या कामाला उत्तम. भाकरी उभी धरायची, वारा कडेनं द्यायचा आणि तीळ उडाले तर उडू द्यायचे. खोली झाडायला आलेल्या बाईनं दार उघडलं, आत बघितलं आणि आवाज न करता पुन्हा लावून घेतलं.

मी मंगळवार पेठेतून बायकांच्या सहली काढते. त्या वर्षी ग्वाटेमाला निवडलं, कारण एकाच देशात सगळं होतं: स्पॅनिश लोकांनी वसवलेली जुनी गावं, ज्वालामुखी, मोठं तळं आणि जंगलातली दगडी देवळं. तिथला वाटाड्या पन्नाशीचा, शांत, इंग्रजी बोलणारा गृहस्थ होता. पहिल्या दिवशी विमानतळावर बायकांनी त्याला "पावणं, पाणी कुठं मिळंल?" असं विचारलं. तेव्हापासून कुणी "पावणं" म्हटलं की तो वळून बघायचा. त्याचं खरं नाव त्याच्या छातीवर लावलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

भाकऱ्या अक्कांसाठी होत्या. अक्का शिरोळच्या, जैन, उसाच्या घरातल्या. वय साठीच्या पुढं, साखरेची गोळी चालू. सूर्य मावळल्यावर खायचं नाही हा त्यांचा नियम, लग्न होऊन आल्यापासूनचा. येताना विमान पश्चिमेला चाललेलं, सूर्य काही केल्या मावळेना. त्या दिवशी अक्का दर दोन तासांनी काहीतरी खात होत्या. मी बघितलं तर म्हणाल्या, "दिवस हाय तोवर खाऊन घ्यावं. पुढचं कुणी बघितलंय?"

अडचण जमिनीवर आल्यावर झाली. अँटिग्वात पहिल्या संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी अंधार पडल्यावर ताटं मांडली. अक्का पाणी पिऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी भूकंपात पडलेल्या एका जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर त्यांना चक्कर आली आणि त्या मटकन खाली बसल्या. आमच्यातल्या एका हौशी बाईनं तेवढ्यात फोटो काढून गावाकडं पाठवला. तासाभरात अक्कांच्या मुलाचा मला फोन.

"मावशी, परत एकदा जरी चक्कर आली, तर तिला विमानात बसवा. मी मुंबईला घ्यायला येतो."

मी बरं म्हटलं. मी तरी काय म्हणणार? फोन स्पीकरवर होता. अक्का शेजारीच बसल्या होत्या.

"त्येनं बोलवलं म्हणून मी जात न्हाई," त्या म्हणाल्या. "मला जंगलातली देवळं बघायची हाईत. त्यासाठी आलोय मी."

देवळं सहलीच्या अगदी शेवटी होती. तोवर अक्कांना रोज संध्याकाळी उजेडात जेवू घालायचं, एवढंच काम होतं. म्हणून डबा मी माझ्या हातात घेतला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, उकळून गार केलेलं पाणी.

सहा तारखेला ज्वालामुखीवर चढायचं होतं. दुपारी निघायचं, पायथ्याच्या गावात अक्कांनी निवांत जेवायचं, त्या बसजवळ थांबतील, बाकीच्यांनी मावळतीपर्यंत वर पोचायचं आणि अंधारात तापलेले दगड बघून बॅटरीच्या उजेडात खाली यायचं, असं मी पावण्यांना समजावून सांगितलं होतं. बसच्या हिसक्यांत अक्कांना जेवण जात नाही. हात-पाय धुऊन, जमिनीवर बसून, असंच लागतं.

वाटेत आमच्यातल्या शाहूवाडीच्या वहिनींनी बस थांबवली. एका गावच्या बाजारात बायका मक्याच्या पिठाच्या छोट्या भाकऱ्या हातावर थापत होत्या.

"अगं बाई, भाकरीच की! पण एवढीशी? पोरीच्या भातुकलीची?"

वहिनी खाली उतरल्या आणि त्यांच्या मागं सगळ्या. वहिनींनी थापणारीला जरा सरकवलं, पीठ घेतलं आणि ताटाएवढी भाकरी थापून तव्यावर टाकली. ती तव्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबायला लागली. बाजारातल्या बायका पोट धरून हसल्या. मग त्यांनी वहिनींना शिकवलं, मग आमच्यातल्या प्रत्येकीला शिकायचं होतं. पावणं घड्याळ दाखवत होते आणि आम्ही पीठ दाखवत होतो.

त्यामुळं पायथ्याला पोचायला उशीर झाला. तरी मी निश्चिंत होते, कारण मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघून ठेवली होती आणि तिला बराच अवकाश होता. अक्कांनी हात-पाय धुतले, फडकं अंथरलं, डबा उघडला, वर बघितलं आणि झाकण परत लावलं.

"जेवा की," मी म्हटलं.

"सूर्य कुठं हाय?"

सूर्य डोंगराच्या कडेमागं गेला होता. गावावर सावली पडली होती. मोबाइलमध्ये डोंगर नव्हता.

"मागं हाय की तो," वहिनी म्हणाल्या. "मावळला न्हाई. आमच्या शाहूवाडीत दुपारचा चहा व्हायच्या आत डोंगराआड जातोय. म्हणून आम्ही काय रात्र झाली म्हणतोय व्हय? कोंबड्यासुद्धा खुराड्यात जात न्हाईत."

"तुमचं तुमच्यापाशी. आमच्या शिरोळात सूर्य उसात मावळतोय. दिसला तर हाय, न्हाई दिसला तर न्हाई."

"आणि पावसाळ्यात? ढग आलं तर?"

"तवा घड्याळ बघतो."

"मग आत्ता बघा की घड्याळ!"

अक्कांनी मनगट पुढं केलं. घड्याळ अजून कोल्हापूरच्या वेळेवर होतं. त्यात पहाट झालेली होती.

मी मोबाइल दाखवला. "त्या मोबाइलातला सूर्य मी बघितला न्हाई," अक्का म्हणाल्या आणि विषय संपला. मला चर्चच्या पायऱ्या दिसायला लागल्या आणि पाठोपाठ मुलाचा फोन ऐकू यायला लागला. वहिनी हाताला चिकटलेलं पीठ खरवडायला लागल्या. भाकरीपायी उशीर कुणामुळं झाला, ते त्यांना माहीत होतं.

पावण्यांना काय चाललंय ते मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, जराही हसले नाहीत आणि वर बोट दाखवलं. आमच्यावर सावली होती, पण ज्वालामुखीचा वरचा निम्मा भाग पिवळ्या उन्हात होता.

"वर अजून दिवस आहे," ते म्हणाले.

अक्कांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "किती लांब हाय?"

चालत गेलं तर अक्कांना जमणार नव्हतं. पण तिथं गावातल्या बायका "टॅक्सी! टॅक्सी!" असं ओरडत उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात घोड्यांचे दोर होते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी ही सोय. अक्कांनी घोड्याकडं बघितलं. "बैल असता तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. मग नऊवारीचा काष्टा घट्ट केला, बसच्या पायरीवरून घोड्यावर बसल्या आणि खोगीर दोन्ही हातांनी धरलं. घोडेवालीनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि घोडा झाडीत दिसेनासा झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की डबा माझ्या हातात आहे.

"थांबा! ओ अक्का! डबा!" घोडा थांबला नाही. मी पळत सुटले. मागून वहिनी ओरडत होत्या, "पळा, पळा! चटणी सांडू देऊ नका!" झाडी संपल्यावर काळी राख लागली. तीत पाऊल टाकलं की तेवढंच मागं घसरायचं. एवढी धावपळ मी लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा केलेली नाही. पावणं माझ्या पुढं होते, डबा द्या म्हणत होते. पण अक्कांचं जेवण, पावण्यांच्या हाताला मटण-माशाचा वास असेल, म्हणून मी दिला नाही. नको तिथं मी हट्टी आहे.

वर मोकळवनात पोचले तेव्हा अक्का घोड्यावरून उतरून पदर सावरून बसल्या होत्या. समोर दरी, पलीकडं दुसरा ज्वालामुखी आणि त्याच्या खांद्याच्या वर अख्खा सूर्य.

"किती वेळ! तो थांबणार हाय व्हय तुमच्यासाठी?"

मी डबा पुढं केला. अक्का जेवायला लागल्या. पावणं सूर्याकडं तोंड करून पंचासारखे उभे राहिले. "अजून आहे," ते इंग्रजीत सांगायचे आणि मी धापा टाकत मराठीत सांगायची. तोवर बाकीच्या बायका येऊन पोचल्या. कुस्तीच्या मैदानासारखा गोल धरून उभ्या राहिल्या.

भाकरी निम्मी झाली आणि समोरच्या ज्वालामुखीनं धूर सोडला. तो कधीमधी असा सोडतो, त्याला काही कारण लागत नाही. राखाडी लोट वर आला आणि सूर्यासमोर पसरला. अक्कांचा घास हातातच राहिला.

"खावा हो, धूर हाय नुसता!" एक जण म्हणाली.

अक्कांनी मान हलवली. गोळी घ्यायला पोटात अजून दोन घास तरी हवे होते. वहिनी पुढं झाल्या, कमरेवर हात ठेवले आणि दरीपलीकडं बघून ओरडल्या, "ए बाबा! सरक की बाजूला! बाईमाणूस जेवतंय, दिसत न्हाई?"

घोडेवालीला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तीही ओरडली, तिच्या भाषेत. वारा फिरला म्हणा किंवा लोट आपोआप विरला म्हणा, सूर्याची खालची कड लालभडक बाहेर आली. "आहे!" पावणं मराठीत ओरडले. तो शब्द ते एव्हाना शिकले होते. अक्कांनी घास घेतला, गूळ घेतला, गोळी गिळली, पाणी प्याल्या आणि डबा पालथा घातला. थोड्या वेळानं सूर्य गेला. टाळ्या वाजल्या, त्या सूर्याला होत्या की अक्कांना, कोण जाणे.

मग अंधार पडला आणि राखेतली एक चीर तांबडी दिसायला लागली. परदेशी पोरं काडीला गोड मऊ गोळे टोचून तिच्यावर भाजत होती. अक्कांनी ते थोडा वेळ बघितलं. "आमच्या कारखान्याच्या चिमणीला याच्यापेक्षा जास्त धूर असतोय," म्हणाल्या. पण खाली चला म्हटलं तर जागच्या हलेनात.

उतरताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी राखेत बसले. धावपळीत मी स्वतः सकाळपासून चहावर होते. अक्कांनी कनवटीची खडीसाखर काढून माझ्या तोंडात घातली. त्या रात्री घोड्यावर मी होते आणि अक्का घोडेवालीच्या शेजारून चालत होत्या, दोघी आपापल्या भाषेत काहीतरी बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या मुलाचा फोन यायच्या आधी मीच त्याला लावला.

"चक्कर आली का, मावशी?"

"आली."

"मग विमानाचं..."

"मला आली. तुझी आई ठणठणीत आहे. देवळं बघूनच येणार."

तो काही बोलायच्या आत मी फोन ठेवला. मग पावण्यांना गाठलं. जंगलातल्या देवळांवरून बहुतेक सहली मावळती बघतात, आपणही तेच ठरवलंय, असं ते म्हणाले. मी सांगितलं, बदला, आम्ही उगवती बघणार. त्यांनी जरा बिचकत विचारलं, उगवायच्या आधीही न खाण्याचा काही नियम आहे का? आहे, मी म्हटलं, पण तेव्हा सगळ्याच उपाशी असतात, त्यामुळं भांडण होत नाही. त्यांनी ते डोक्यात ठेवलं. मी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि तळ्याकडं निघालेल्या बसमध्ये बॅगा चढवायला खाली गेले.