खिरणीभोवतीचा पार

मी लेखक नाही. मराठी घरात ऐकली, अक्षरं हिंदी शाळेत शिकलो. तरीही लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीतली मराठी माणसं अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात.

शहराबाहेर डोंगराखालच्या जंगलात खिरणीचं एक फार जुनं झाड होतं. शहरातल्या पिंपळांखाली कुणाचं ना कुणाचं मंदिर असायचं, तिथे आम्हाला संकोच वाटे. म्हणून वैशाख पौर्णिमेला आमची सात-आठ बौद्ध कुटुंबं या खिरणीखाली वंदना म्हणायची, डब्यातली खीर खायची.

तीन वर्षांपूर्वी तिथे सिनेमाचं शूटिंग झालं. गावाचा देखावा हवा म्हणून त्यांनी बुंध्याभोवती कमरेइतकी माती भरली, वर सिमेंटचा पार बांधला. काम संपल्यावर तो तोडणार होते. पण शेजारच्या मावशींचे गुडघे दुखतात. त्या पारावर टेकल्या आणि म्हणाल्या, "हिरोइनीनं बसून घेतलं, आता माझी पाळी."

बाबा म्हणाले, "लिही बापा एक अर्ज. पार राहू द्या म्हणावं."

मी वनखात्याला चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. मंजूर झाला. मावशींनी मला पेढा भरवला.

पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या तासाला शिकलो, की मुळंही श्वास घेतात. जुन्या झाडाच्या मुळांवर भराव घातला तर ती गुदमरतात. त्या पौर्णिमेला गेलो तर शेंडा वाळला होता. पारावर मात्र फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती.

पार काढावा म्हणून मी दुसरा अर्ज घेऊन गेलो. वनखात्याच्या कचेरीतल्या बाबूजींनी फाइलमधून माझा पहिला अर्ज काढून समोर ठेवला. "लिखावट तो आपकी ही है न?"

अक्षर माझंच होतं, मी हो म्हणालो. आता ते शूटिंगचं ठिकाण झालंय, वर विचारावं लागेल, असं त्यांनी समजावलं. मी चार वेळा जाऊन आलो. बाबा ट्रॅकमन आहेत. एका रविवारी ते पहार घेऊन निघाले. वनरक्षकाने हात जोडून सांगितलं, की केस होईल, नोकरी जाईल. बाबा पहार घेऊन परत आले.

काल कॉलेजात असताना बाबांचा फोन आला.

"झाड पाडलं रे," ते म्हणाले. "पार ठेवलाय."