वाणात वाटलेल्या लिंका

आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहायला आली, तेव्हा तिला पहिलं मोदकपात्र मीच दिलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मला पहिल्यापासूनच तिचं वावडं होतं.

मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, गुडगावला आयटीत नोकरी. मला काकू म्हणायची, लिफ्टमध्ये माझ्या हातातली भाजीची पिशवी घ्यायची. बोट ठेवायला जागा नाही अशी माणसं असतात ना, त्यातली.

माझा तेव्हा ब्लॉग होता, आजही आहे. माझा जन्म दिल्लीतला, लग्नही दिल्लीतच झालं, त्यामुळे इथे राहून मराठी स्वयंपाक कसा निभावायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्यातही उकडीचे मोदक. इथल्या बाजारातल्या तांदळाच्या पिठीला चिकटपणा नाही, पारी करायला घेतली की चिरते. कित्येक गणपती फुकट घालवून मी युक्ती काढली. बासमतीच्या तुकड्यात मूठभर साबुदाणा घालून दळायचं, आणि चक्कीवाल्याला गव्हावर दळू नकोस म्हणून बजावायचं. ती युक्ती मी ब्लॉगवर लिहिली, खाली माझा फोन नंबर दिला, आणि ते पान सर्चमध्ये कायम पहिलं यायचं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रोहिणीहून, फरिदाबादहून अनोळखी बायकांचे फोन येत. ‘काकू, पारी फाटतेय.’ मी गॅस बंद करून बोलत बसायची. नवरा म्हणायचा, ‘झालं तुझं कॉल सेंटर सुरू.’ खरं सांगू? गणपतीपेक्षा मी त्या फोनांची वाट बघायची.

मग सातव्या मजल्यावरचीनेही ब्लॉग काढला. कानामागून आली अन् तिखट झाली. तिच्या फोटोंत केळीचं पान, चंदनी रंगाचा पाट, मोदकावर तिरपं ऊन. दिल्लीतल्या आमच्या द्वारकेत रोज उठून केळीचं पान कुठून आणायची कोण जाणे. माझे फोटो ओट्यावर, ट्यूबलाइटखाली. सकाळी चहाच्याही आधी मी सर्च करून बघायला लागले. तिचं पान वर सरकत सरकत माझ्या पानाच्या बरोब्बर खाली येऊन बसलं. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, ‘काकू, आता तुमच्या खाली माझंच येतं. कसलं भारी वाटतंय!’ मी हसले. घरात आल्याआल्या पुन्हा सर्च करून बघितलं.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकू असतं. दिल्लीची थंडी, सगळ्याजणी काठापदराच्या साड्यांवर स्वेटर चढवून आलेल्या. वाणाचा विषय निघाला. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे, ते कुणालाच नको असतात. मी सुचवलं, आता प्रत्येकीचं इंटरनेटवर काही ना काही आहेच. कुणाचा साड्यांचा व्यवसाय, कुणाचा भरतनाट्यमचा क्लास, कुणी विमा विकते, कुणी कविता लिहिते. यंदा वाण म्हणून प्रत्येकीने आपल्या साइटवर बाकीच्यांची लिंक द्यायची. वाण लुटायचंच असतं, मग हे लुटू या. सगळ्या खूश झाल्या. माझ्या लिंकचे शब्द मी स्वतःच लिहून ग्रुपवर टाकले, ‘दिल्लीतले सर्वोत्तम उकडीचे मोदक’. आठवड्याभरात हे शब्द विम्याच्या हप्त्यांखाली, नृत्याच्या फीखाली आणि एका विरहाच्या कवितेखालीही झळकले.

सातव्या मजल्यावरची त्या दिवशी ऑफिसात होती. कुणाकडून तरी ऐकून ती धावत आली. ‘काकू, प्लीज असं नका करू. सगळ्यांनी एकमेकांना अशा लिंका दिल्या की सर्चवाल्यांना वाटतं, वर येण्यासाठी मुद्दाम केलंय. ते पान खाली ढकलतात.’

‘वाण आहे गं ते,’ मी म्हटलं. ‘त्यात कसलं आलंय मुद्दाम?’

खरं तर मुद्दामच होतं. तिच्यात आणि माझ्यात चार पानांचं तरी अंतर पडावं म्हणून केलं होतं. ती गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, ‘जळते माझ्यावर.’ त्याने पेपरातून मान वर न करता विचारलं, ‘कोण?’

होळीच्या सुमारास सर्चवाल्यांचा निरोप आला. तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका कृत्रिम आहेत, सबब कारवाई केली आहे. मी सर्च केलं. माझं पान पहिलं नव्हतं, दहावं नव्हतं, कुठेच नव्हतं. पहिली ती होती.

दोन दिवस मी लिफ्ट सोडून जिन्याने गेले. तिसऱ्या दिवशी तीच लॅपटॉप घेऊन माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसली. गणपतीच्या आत पान परत आणायचं तर काय करावं लागेल, ते तिने समजावलं. एकेकीला सांगून लिंक काढून घ्यायची, जी काढणार नाही तिची लिंक मोजू नका असं सर्चवाल्यांना कळवायचं, आणि शेवटी कारवाई मागे घ्या म्हणून अर्ज करायचा. मला तिची मदत नको होती आणि तिच्यावाचून दुसरं कुणी नव्हतं. मी तिला चहा दिला. साखर थोडी कमीच घातली.

मग माझे फोन सुरू झाले. साडीवाली म्हणाली, ‘अगं, दिलेलं वाण कुणी परत घ्यायला लावतं का?’ नृत्यवालीला अपशकुनाची धास्ती वाटली, तिची समजूत घालता घालता नाकी नऊ आले. कवयित्रीने लिंक काढली, पण तेव्हापासून माझ्याशी बोलणंही काढून टाकलं. माझी मीच वाटलेली हौस दारोदार जाऊन गोळा करत होते, आणि समोर बसून हे सगळं बघायला नेमकी तीच.

शेवटी पडद्यावर एकच लिंक उरली. ती तिच्या स्वतःच्या पानावरची होती.

‘ही राहू दे, काकू,’ ती म्हणाली. ‘ही खरी आहे. मी तुमच्याकडून शिकले, म्हणून लिहिलंय. आणि आता हीच तुमच्या उपयोगाची आहे.’

मला हे माहीतच नव्हतं. तिचं पान मी कधी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं, नुसते फोटो बघायचे आणि नंबर बघायचे. कुणी दुसरी असती तर तिला भरून आलं असतं. मला वाटलं, पहिल्या नंबरावर बसून ही मला भीक घालतेय.

‘सगळ्या काढायच्या म्हणालीस ना? मग तुझीही काढ.’

‘अहो काकू, पण ही...’

‘काढ.’

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग ‘बरं’ म्हणाली, आणि माझ्यासमोरच काढली. त्यानंतरही अर्ज मात्र तिनेच लिहून दिला, तोही सुंदर.

श्रावणात कारवाई उठली. मी देवापुढे साखर ठेवली आणि सर्च केलं. माझं पान होतं, पण पार चौथ्या पानाच्या तळाशी. जी पानं आपण उलटतही नाही, तिथे. तिने सांगितलं, त्या खोट्या लिंकांचं वजन गेलं, आता खऱ्या मिळतील तसं हळूहळू वर येईल. ‘मी म्हटलं होतं ना’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझा फोन वाजला तो एकदा, लोन हवंय का विचारायला. लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई भेटली, काखेत पिठीचा डबा. तिने सातव्या मजल्याचं बटण दाबलं. मी माझ्या मजल्यावर उतरले आणि दार उघडून आत येईपर्यंत मला रडू फुटलं होतं.

चतुर्थीला नोएडाहून लेक आली. तिचं सासर पंजाबी, आणि माझ्या स्वयंपाकघरात ती कधी पाणी प्यायलाच काय ती आलेली. तिने पिशवीतून डबा काढला. आत मोदक, कळ्या नीट पडलेले, एकही न फुटलेला.

‘सरप्राइज, आई. मी केलेत.’

मी एक फोडला. पारी पातळ, मऊ, अगदी माझ्या हातची असते तशी.

‘मला विचारलं नाहीस ते?’

‘अगं, विचारलं असतं तर सरप्राइज कसलं? आणि तुझा ब्लॉग शोधला ना मी, पण दिसलाच नाही यार. मग जे पहिलं आलं ते बघून केले. मस्त लिहिलंय, बिल्कुल सोपं.’ तिने फोन पुढे केला. ते ऊन, तो पाट, ते केळीचं पान. ‘हे बघ, खाली काय लिहिलंय. ही युक्ती माझी नाही, मला एका काकूंनी शिकवली. किती स्वीट ना? नाहीतर कोण सांगतं असं? कोण असतील गं या काकू?’

त्या ओळीत आता लिंक नव्हती, नुसतेच शब्द होते. लेक उत्तराची वाट बघत होती. मी तोंडातला घास गिळला.

‘असेल कुणीतरी,’ मी म्हणाले.