बाबांनी काळी केलेली काच

आज दुपारी कामतघरहून जावेदभाईंचा फोन आला. "आमचा जुना लूमचा कारखाना पाडतायत. तुझ्या बाबांची काच हवी असेल तर आजच घेऊन जा, उद्या फुटेल."

सगळं सोडून गेलो.

बाबा वीज खात्यात इंजिनिअर होते. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट असायचा, अंधार पडला की लूम बंद. पण जावेदभाईंच्या वडिलांकडे, हाजीशेठकडे, जखमी जवानांच्या पट्ट्यांचं कापड विणलं जात होतं. बाबांनी छपराच्या काचा काळ्या रंगवून घेतल्या, आत दिवे लावायला सांगितले आणि उजेड कुठून फुटत नाही ना, हे स्वतः रस्त्यावर उभं राहून तपासलं. रात्रपाळी थांबली नाही.

ऐंशीच्या दशकात मी बाबांबरोबर तिथे जायचो, तेव्हाही काचा काळ्याच होत्या.

बाबा म्हणायचे, "शेठ, लढाई कधीच संपली. आता तरी खरवडा. भरदिवसा दिवे जाळताय."

"रहने दो, साहब. परत झाली तर तुम्हाला कुठे शोधू?"

आता दोघेही नाहीत.

संध्याकाळी ती काच स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीत बसवली, आत दिवा लावला आणि खाली रस्त्यावर जाऊन वर पाहिलं. एका कोपऱ्यातला रंग उडालाय, तिथून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

बाबांनी लगेच ब्रश मागितला असता.

वर्दी न घालता लढाईला हातभार लावणारं तुमच्या घरात कोणी होतं का?