आमच्यातला पहिला कोण

थलूसामावशी आमच्या गल्लीतली सुईण. स्वतः गुलामीतून सुटलेली आणि तोंडानं फटकळ. ॲव्हेंटाइन टेकडीवरची निम्मी पोरं तिच्या हातची, त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलायची.

मी आणि माझा जुळा भाऊ व्हिटालिस, आम्हीही तिच्याच हातचे. आई तेव्हा सेस्टियसची गुलाम होती. बाळंतपणाआधी मोकळी करतो म्हणाला होता, पण आज-उद्या करत राहिला लेकाचा. सुटकेआधी मूल झालं तर ते मालकाचं, नंतर झालं तर जन्मतः स्वतंत्र. आणि सुटका व्हायची ती न्यायाधीशासमोरच. कळा सुरू झाल्यावर मावशीनंच त्याला पिटाळलं, "न्यायाधीश स्नानाला निघालेत. जा, पालखी अडवा त्यांची!"

आणि आईला म्हणाली, "धरून ठेव गं! जन्मभर बायकांना जोर लाव म्हणत आले, आज तुला नको म्हणतेय."

आईनं जिवाच्या आकांतानं धरलं, तरी एक आलाच. मावशीनं त्याला लोकरीच्या टोपलीत दडवला, तोंडात मधाचं बोट दिलं. पालखी दाराशी आली. आईला बाळंतपणाच्या खुर्चीसकट उंबऱ्यावर आणलं, सुटकेची छडी अंगाला टेकवली, ती मोकळी झाली. थोड्या वेळानं दुसरा आला.

मावशी बाहेर येऊन सेस्टियसला म्हणाली, "जुळे! दोघंही आत्ताच झालेत. बघत काय बसलात, हार लावा दाराला!"

तोवर आईची शुद्ध हरपली होती. डोळे उघडले तेव्हा दोघं शेजारी शेजारी निजलेले, पहिला कुठला ते तिलाही कळेना. मरताना तिनं हे फक्त मला सांगितलं.

परवा व्हिटालिस फौजेत जायला निघाला. जन्मानं स्वतंत्र आहे अशी शपथ तिथं घ्यावी लागते. गुलाम निघाला तर मान जाते. मी तडक मावशीकडे गेलो.

"मावशे, पहिला कोण?"

"दोघंही नंतरचे."

"आईनं सगळं सांगितलंय मला."

तिनं दार लोटून घेतलं. "मग ऐक. मला पक्कं आठवतंय आणि मी सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातला एक गुलाम झालाच."

"अगं, पण त्याची मान जाईल!"

"तू तोंड मिटून बसलास तर नाही जायची. चल, नीघ."

असा संताप आला तिचा! दार आपटून निघालो.

दुसऱ्या दिवशी व्हिटालिसनं खणखणीत आवाजात शपथ घेतली. मी गर्दीत मागे उभा होतो. देवांनो, पहिला मीच असू दे, एवढंच म्हणत होतो.